बेनगाझीहून आलेली गोदाताई

भर दुपारी बाजारात एखाद्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला की गोदाताई हातातलं काम थांबवायची. इंजेक्शन भरत असली तर सिरिंज तशीच हातात, मान किंचित तिरकी. पाठोपाठ दुसरं शटर पडतंय का, हे ती ऐकत राहायची. नाही पडलं, की पुन्हा कामाला लागायची. याउलट लग्नाच्या वरातीत सुतळी बॉम्ब फुटले, डीजेनं खिडकीच्या काचा थरथरल्या, तरी तिची पापणी लवत नसे. आम्ही पोरी दचकायचो आणि ती हसायची.

"आवाजाला कावून भेता गं? आवाज झाला म्हंजी जे व्हायचं ते होऊन गेलं. माणसं भर दिवसा गुपचूप दुकानं मिटायला लागली की मग भ्यायचं."

गोदावरी खटके तिचं नाव. अंबाजोगाईतल्या ज्या खाजगी दवाखान्यात मी नर्स होते, तिथं ती वॉर्डाची इन्चार्ज म्हणून आली. चाळिशीला टेकलेली, उंच, काटक. कपाळावर लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका. चालायची मात्र लांब लांब ढांगा टाकत. आष्टी तालुक्यातल्या धनगराची लेक. बाप आणि भाऊ मेंढरं राखणारे. आश्रमशाळेत शिकली, नर्सिंगचा कोर्स अंबाजोगाईतच केला, लग्न झालं, मोडलं, आणि ती लिबियाला नोकरीला गेली. लग्नाबद्दल ती एवढंच बोलायची. लिबियाबद्दल मात्र बोलायची. पण कधी, ते तिच्या मनावर असे. दुपारी वॉर्ड शांत झाला की आम्ही दोघी स्टाफरूममध्ये डबा खायचो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती एकदम सुरू व्हायची आणि एकदम थांबायची. मध्ये प्रश्न विचारला की डबा झाकायची. मी प्रश्न विचारणं सोडून दिलं, म्हणून मला बरंच ऐकायला मिळालं.

तिला अरबी लवकर आली. त्याचं श्रेय ती आपल्या मराठवाड्याला द्यायची. "साबण तिथं साबून, खुर्ची कुर्सी, औषध दवा. निम्मी भाषा तर आपल्या निजामानंच शिकवून ठेवलीय." तिथला एक शब्द मात्र तिच्या जिभेवरून जाता जात नव्हता. 'खलास'. तिकडं काम झालं, संपलं, सुटलं, या सगळ्याला तो वापरतात. एकदा एका म्हाताऱ्याला डिस्चार्ज मिळाला. बाहेर त्याच्या सुना-नातवंडं बसलेली. गोदाताई दार उघडून हसतमुखानं म्हणाली, "झालं, आजोबा खलास!" एका सुनेनं तिथंच हंबरडा फोडला. आजोबा मागून काठी टेकत बाहेर आले तेव्हा कुठं तो थांबला. त्या दिवशी डॉक्टरांसकट सगळा दवाखाना हसला. ती हसली नाही. म्हणाली, "बिनगाझीत मी हे बोलायची तवा बायका मला मिठी मारायच्या."

बेनगाझीला ती 'बिनगाझी' म्हणायची. समुद्राकाठचं मोठं शहर. ती गेली तेव्हा तिथला जुना हुकूमशहा मारला जाऊन थोडाच काळ झाला होता. त्याला पाडायला हत्यारं घेतलेल्या माणसांनी ती खाली ठेवलीच नव्हती. गल्लीगल्लीत एकेक टोळी. त्यातल्या काही कट्टर धर्माच्या नावानं चालायच्या. कोण जास्त कट्टर यावरूनही त्यांच्यात मारामारी. मग पूर्वेकडून एक सेनापती फौज घेऊन शहरावर चालून आला, तशा या टोळ्या एक झाल्या. त्यांनी आघाडी केली आणि तिला एखाद्या सहकारी सोसायटीला शोभेल असं सभ्य नाव दिलं.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं नाही. तिनं मला मेंढरांवरून समजावलं.

"हे बघ मंदे. चार घरची मेंढरं एका वाड्याला बसवली तर लांबून एकच कळप दिसतो. पण परत्येकाच्या पाठीवर आपल्या घरचा रंग असतो. लांडग्याचं भ्याव हाय तवर समदे एक. लांडगा जरा लांब गेला की पाण्यावरून काठ्या निघतेत. त्यांचं तसंच व्हतं. झेंडा एक, पर गाड्या वेगळ्या, नमाजाची जागा वेगळी, हुकूम देणारा वेगळा. आमच्या दवाखान्याच्या दाराला चार टोळ्यांची चार माणसं उभी राहायची. त्यातला कोण कुणाचा, हे वळखता यायला पायजे. न्हाई आलं तर मेलीस."

आघाडी झाल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात आला तो एक मध्यमवयीन माणूस. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. आता तो एका टोळीचा म्होरक्या होता. दाढी करडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं भारतीय नर्सेसना एकत्र बोलावलं, खाली बघत बोलला आणि म्हणाला, तुम्ही आमच्या पाहुण्या आहात, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. गोदाताईच्या तोंडून हा लिबियाचा उस्तादसुद्धा आष्टीच्या बोलीत बोलायचा.

"रोज सकाळी वॉर्डात यायचा. 'सिस्टर, पाणी हाय का? जनरेटरला डिझेल हाय का? कुणी तरास दिला का?' इतकं गोड, की आमच्यातल्या केरळच्या पोरी म्हणायच्या, हा बरा माणूस हाय. मी म्हणलं, बरा असंल. पर बरा माणूस दाराला बंदूकवाला कशाला ठिवतो?"

मग बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. प्रथम सांगितलं, डोकं झाका. झाकलं. मग सांगितलं, पुरुष डॉक्टरनं बायकांना तपासायचं नाही. एका बाईचं मूल पोटात आडवं होतं, स्त्री डॉक्टर घर सोडून पळालेली. पुरुष डॉक्टर दाराबाहेर उभा राहून सांगत गेला आणि गोदाताई आत हात चालवत गेली. बाई वाचली, मूल गेलं. मग सांगितलं, आमच्या जखमींना वेगळी खोली. ती दिली, तर दुसऱ्या टोळीनं म्हटलं, आम्हालाही वेगळी. ऑक्सिजनचं एक सिलिंडर दोन टोळ्यांच्या मधे बाहेर व्हरांड्यात पडून राहिलं आणि कुणीच आत नेऊ देईना. आणि मग, एका सकाळी, उस्तादनं पाणी आणि डिझेल विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "सिस्टर, हितं फौजेचा कुणी जखमी आलाय का?"

आलेला होता. अनीस त्याचं नाव. सेनापतीच्या फौजेतला शिपाई, मांडीत गोळी. भाजीच्या टेम्पोतून, कांद्याच्या पोत्यांखाली घालून त्याला त्याच्या आईनं आणलं होतं. दवाखान्याची मुख्य परिचारिका सालमा नावाची होती. तिथलीच, जाडजूड, रागीट, पाच वेळची नमाजी. टोळीवाले फौजेच्या जखमींना खाटेवरून उचलून नेतात आणि नंतर ते रस्त्याच्या कडेला सापडतात, हे तिनं पाहिलं होतं. अनीसला स्ट्रेचरवर बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग गोदाताईकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच आलं.

त्यांनी त्याला बाळंतपणाच्या वॉर्डात ठेवलं. पुरुषानं त्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा टोळीवाल्यांचाच हुकूम होता. शेवटची खाट, भिंतीकडे तोंड, वर काळा बुरखा, पायाखाली उशा. शेजारच्या खाटांवर दहाएक बायका. कुणी आज बाळंत झालेली, कुणाच्या कळा चालू. त्यांतल्या कुणाचा नवरा टोळीत होता, कुणाचा भाऊ फौजेत. सालमा मधोमध उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जिला बोलायचंय तिनं आत्ता बोलावं." एकीनं फक्त आपली चादर काढून त्याच्या पायांवर टाकली, कारण त्याचे बूट दिसत होते.

"बूट काढायचं मलाबी सुचलं न्हवतं," गोदाताई म्हणाली. "त्या बाईचा नवरा उस्तादच्या टोळीत व्हता, आन तिला पोरगी झाली म्हणून रुसून घरी गेलता."

त्यानंतर बाळंतिणींच्या वॉर्डात काय बोललं जात नव्हतं, हे सांगताना तिचा आवाज उतरायचा. एरवी तिथं सतत कालवा असायचा. सासवांच्या कागाळ्या, पोरांची रडारड, खिदळणं. आता पोरं रडायची तेवढीच. अनीसला ताप चढला. तो झोपेत बडबडायचा, पुरुषाच्या आवाजात. तो बडबडू लागला की एखादी बाई मुद्दाम कण्हायला लागायची. एकदा दोघी-तिघी एकदम कण्हू लागल्या आणि बाहेरच्या बंदूकवाल्यानं दारावर टकटक करून विचारलं, इतक्या बायका एकदम कशा बाळंत होतात? सालमा आतून ओरडली, "तुझ्या आईला विचार."

उस्ताद रोज यायचा, दाराशी थांबायचा. आत यायचा नाही. गोदाताईची खात्री होती की त्याला कळलं होतं. "त्याची नजर दारावर जायची आन लगीच जमिनीवर. पोरानं कॉपी केलेली मास्तरला दिसली, तरी त्यो खिडकीकडं बघतो ना, तसं."

पण आघाडीत उस्ताद एकटा नव्हता. रमजानचा महिना होता. टोळ्यांनी मिळून फौजेचा एक मोठा तळ जिंकला, शहरभर हवेत गोळ्या झाडल्या, आणि लांडगा लांब गेला. जिंकलेल्या गाड्यांवरून आणि दारूगोळ्यावरून त्यांच्यात धुसफूस सुरू झाली. दवाखान्याच्या दारावरचा उस्तादचा माणूस एका सकाळी दिसेनासा झाला. तिथं दुसऱ्या टोळीचे तिघं उभे राहिले, तोंडं बांधलेले. त्यांनी 'सिस्टर' म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. ते बाहेर थांबले आणि सोबत आणलेल्या एका बाईला त्यांनी बाळंतपणाच्या वॉर्डात पाठवलं.

बाई तरुण होती. हातमोजे, पायमोजे, फक्त डोळे दिसत होते. तिनं पहिल्या खाटेवरची चादर वर केली, पाहिलं, खाली टाकली. दुसरी. तिसरी. गोदाताई तिच्या मागोमाग चालत होती. शेवटच्या खाटेपाशी तिनं चादर वर केली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. अनीस जागा होता. तो तिच्याकडे बघत होता.

"मग?" मी विचारलं. प्रश्न विचारायचा नाही हे मी विसरले होते.

गोदाताईनं डबा झाकला नाही. "तिनं चादर नीट केली. कडा गादीखाली खोचल्या, आपण लेकराला झोपवताना खोचतो तशा. आन बाहेर जाऊन म्हणली, 'समद्या बायाच हायत.'"

संध्याकाळच्या आत उस्ताद आला. गोदाताईला बाजूला बोलावलं. पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून म्हणाला, "सिस्टर, तुमी समद्या भारतवाल्या आजच निघा. त्या दारातनं माझी माणसं आत येणार न्हाईत, एवढं मी सांगू शकतो. त्यांच्या माणसांचं मी सांगू शकत न्हाई."

भारतीय नर्सेस एका जुन्या व्हॅनमधून निघाल्या. ड्रायव्हर इद्रीस नावाचा, रोजा धरलेला. उन्हानं त्याचे ओठ फाटले होते. शहराबाहेर पडेपर्यंत जागोजागी नाकी. प्रत्येक नाक्यावर झेंडा तोच, पण इद्रीस प्रत्येक ठिकाणी वेगळं बोलायचा. एके ठिकाणी हसला, एके ठिकाणी नुसती मान खाली घातली, एके ठिकाणी खाली उतरून नमाजाला उभा राहिला आणि त्यांच्याबरोबर नमाज करूनच पुढे निघाला. फौजेच्या हद्दीत शिरल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडला. त्याचं घर मागं, टोळ्यांच्या भागात होतं. त्याला त्याच रस्त्यानं परत जायचं होतं.

सालमा त्यांच्याबरोबर आली नाही. बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून ती बसली होती. निघताना गोदाताई तिच्या गळ्यात पडायला गेली तर तिनं तिला ढकललं आणि म्हणाली, "जा बाई, माझं काम पडलंय."

पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. फोन लागेनात. त्या भागात नंतर दोन-तीन वर्षं लढाई चालली, गल्ल्याच्या गल्ल्या जमीनदोस्त झाल्या. काही दिवस गोदाताई म्हणायची, "वाचला असंल अनीस. आई लई खमकी व्हती त्याची." काही दिवस भांडी घासता घासता एकदम म्हणायची, "न्हाई गं. कुणीच न्हाई राहिलं तिथं."

ही गोष्ट गावात अर्धीमुर्धी पसरली. एका पुढाऱ्यानं तिचा सत्कार ठेवला. मंडप, शाल, श्रीफळ, मागं तिचा फोटो आणि 'अतिरेक्यांच्या तावडीतून सुटलेली बीडची वाघीण' असा मोठा फलक. पुढाऱ्यानं अर्धा तास भाषण केलं. ती जमात कशी असते, आपण कसं सावध राहिलं पाहिजे, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दवाखान्याचे लॅबवाले शेखचाचा मागच्या रांगेत बसले होते. ते चप्पल पायात सरकवून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात गोदाताईच्या हातात माइक आला.

"माझ्या पेशंटला लपवायला जागा दिली ती दहाबारा बाळंतिणींनी. त्या समद्या मुसलमान. ज्या बाईनं बघून न्हाई बघितलं ती मुसलमान. आमाला बाहेर काढणारा ड्रायव्हर रोजा धरलेला. आन ज्यांनी बंदुका आणल्या, त्यांनी पयल्यांदा मारली ती बी त्यांच्याच धर्माची माणसं. सायबांना ह्यातलं कायी ठाव न्हाई. शाल चांगली हाय. चाचा, बसा खाली, च्या यायचाय."

ती खाली बसली. टाळ्या पडल्या नाहीत. पुढाऱ्याचा चेहरा हसराच राहिला, पण पुढं त्याच्या माणसांनी आमच्या दवाखान्यात येणं बंद केलं. डॉक्टर कुरकुरले. तिनं ती शाल प्रसूत झालेल्या एका ऊसतोड बाईच्या बाळाला गुंडाळून दिली.

मला वाटायचं, तिचं सगळं भय तिकडं राहिलं. ती तसं मानत नव्हती. मांजरेच्या पात्रातून वाळू उपसणाऱ्या दोन टोळ्या आमच्या भागात होत्या. एकमेकांचे हायवा ट्रक फोडायच्या, पोरांची डोकी फोडायच्या. ते टाके आमच्याकडेच पडायचे. निवडणुकीच्या आधी त्यांनी आघाडी केली आणि एका फलकावर दोन्हीकडची तोंडं शेजारी शेजारी हात जोडून उभी दिसली. बाजारात लोक म्हणाले, बरं झालं, मिटलं एकदाचं. गोदाताई त्या फलकाखाली थांबली आणि मला म्हणाली, "आता आपल्याकडं कामं वाढतील."

काही दिवसांनी बाळू आला. नदीकाठच्या गावातला, उपशाविरुद्ध तक्रार करणारा तरुण. दोन्ही हात मोडलेले, पाठ काळीनिळी. शुद्धीत होता. ड्रेसिंग करताना त्यानं गोदाताईला आणि मला सांगितलं, कुणी मारलं. तीन नावं घेतली. पोलिसांना कळवलं होतं. ते यायचे होते.

दुपार होती. समोरच्या चहावाल्यानं स्टोव्ह विझवला. मग मेडिकलचं शटर पडलं. गोदाताई थांबली. झेरॉक्सवाल्याचं पडलं. ती म्हणाली, "मंदे, बाळूची खाट बाहेर काढ."

मला वाटलं, लपवायचंय. मी म्हटलं, "वर लेबर रूममधी नेऊ का?"

"नगं. लपवलं की शोधतेत. मधी आण."

आम्ही त्याची खाट जनरल वॉर्डाच्या अगदी मधोमध आणली. गोदाताईनं बाहेर ओट्यावर बसलेले सगळे नातेवाईक आत बोलावले. एरवी त्यांना हाकलून काढणारी ती, आज म्हणत होती, "या मावशे, या मामा, ऊन लागंल, आत बसा." आजारी नसलेली, धडधाकट, कड्याची, केजची, परळीची माणसं बाळूच्या खाटेभोवती दाटीवाटीनं बसली. कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. कुणी शेंगा सोलत होतं.

सहा जण आले. पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध. पुढचा, ज्याला सगळे नाना म्हणायचे, त्यानं दारात चप्पल काढली. "नमस्कार ताई. आमच्या पाव्हण्याला बघायला आलाव. गर्दी जरा बाहेर काढता का? त्याला हवा लागंल."

"त्याला हवा हाय. तुमी बसा की. मावशे, सरका जरा, पाव्हणे आलेत."

नाना बसला नाही. तो बाळूच्या उशाशी गेला, त्याच्या सलाइनच्या नळीवरून सावकाश बोट फिरवत खाली आणलं आणि म्हणाला, "बाळासाहेब, तुमी मोटरसायकलवरून पडलाव. व्हय ना?"

वॉर्डात शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. बाळूनं डोळे मिटले. गोदाताईनं नानाचं मनगट धरलं आणि नळीवरून बाजूला केलं. जोर लावला नाही. लहान पोराचा हात वस्तूवरून उचलावा तसा उचलला. "पेशंटच्या नळीला हात लावायचा न्हाई. तुमी काय बोललात ते ह्या समद्यांनी ऐकलंय."

नाना सगळीकडे बघून हसला. हात जोडले. चप्पल घातली. ते गेले. मागून पोलीस आले, त्यांनी जबाब घेतला. गोदाताईनं ऐकलेली तिन्ही नावं आणि नळीची गोष्ट सांगितली, सही केली. मीही सही केली.

नानावर आणि बाकीच्यांवर खटला उभा राहीपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं. दवाखान्याच्या ओट्यासमोर रोज एक मोटारसायकल उभी राहू लागली. तिच्या भावाच्या वाड्यावर कुणी तरी जाऊन, मेंढरं छान आहेत, असं सांगून आलं. डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं, मग पुन्हा समजावलं, आणि शेवटी तिनंच नोकरी सोडली. मला जाताना म्हणाली, "तू साक्ष न्हाई दिलीस तरी चालंल, मंदे. तुला लेकरं हायत. मी हाय ना." मी साक्षीला गेले. पण मी बोलले ते इतकं हळू, की जज्जसाहेबांना मला तीनदा मोठ्यानं बोला म्हणून सांगावं लागलं.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक पांढरी गाडी आली. तिच्यातून नाना उतरला, आणि त्याच्या मागोमाग बाळू. बाळूच्या पायात नवे बूट होते. तो आमच्याकडे न बघता आत गेला आणि सांगून आला की मोटरसायकल घसरली होती, मला कुणी मारलं नाही, नावं मी घेतली नाहीत. त्याला आघाडीत जागा मिळाली होती. वाळूच्या नव्या ठेक्यावर मुकादम म्हणून.

मला वाटलं, आता गोदाताई परत फिरेल. ज्याच्यासाठी हे सगळं, तोच पलटला. तिनं बाळूकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. "भ्यालाय," एवढंच म्हणाली. नाव पुकारलं तशी आत गेली आणि जे ऐकलं होतं, पाहिलं होतं, ते सगळं सांगितलं. वकिलानं विचारलं, तुम्ही परदेशात अतिरेक्यांच्या सोबत राहिलात, तुमच्या मनावर परिणाम झालाय ना? ती म्हणाली, "झालाय. म्हणूनच वळखलं."

निकालात बाकीचे सुटले. नळीला बोट लावून धमकावल्याबद्दल एकट्या नानाला शिक्षा झाली. आता तो अपिलात बाहेर आहे. बाजारात दिसतो, नमस्कार करतो, लेकरांची चौकशी करतो. गोदाताईचा फोन लागत नाही. मी आष्टीकडं जाऊन तिच्या भावाला भेटून आले. तो म्हणाला, ती लांब आहे, बरी आहे, नोकरीला लागलीय. कुठं ते सांगायचं नाही असं तिनंच बजावलंय. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मेंढरांकडे बघत होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या साक्षीच्या दिवशी. कोर्टाच्या फाटकातून बाहेर येऊन ती रिक्षात बसली, बसस्टँडला जायला. मला सोबत येऊ दिलं नाही. रिक्षा निघाली तशी लिंबाखाली उभी असलेली एक मोटारसायकल सुरू झाली. वर दोघं, तोंडाला रुमाल. मी ओरडणार तेवढ्यात रिक्षाच थांबली. गोदाताई खाली उतरली. पिशवी काखेत, त्याच लांब ढांगांनी ती मागं चालत आली, थेट मोटारसायकलपुढं. गाडी चालवणाऱ्याच्या तोंडावरचा रुमाल तिनं आपल्या हातानं खाली केला. कोवळं पोरगं होतं ते, मिसरूड नुकतं फुटलेलं. ती त्याच्याशी काही तरी बोलली. दोन वाक्यं असतील, मला ऐकू आली नाहीत. मग वळून रिक्षात जाऊन बसली. मागं बसलेला त्या पोराच्या पाठीत बुक्क्या मारत होता, "चल बे, चल की!" गाडी चालू होती, धूर सोडत होती. रिक्षा स्टँडच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी त्या पोराला गिअर टाकता आला नाही.